एक रीजनल की दोन डिस्ट्रिक्ट? रोबोटिक्स स्पर्धेच्या दोन पात्रता-पद्धतींची पारख

आमच्या शाळेच्या रोबोटिक्स संघाच्या पालकसभेत एक प्रश्न दर वर्षी हमखास येतो: "टीचर, आधी जिल्हा जिंकायचा, मग विभाग, मग राज्य, असंच ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. शालेय खो-खो असो, कबड्डी असो की बुद्धिबळ, महाराष्ट्रातले मूल जिल्ह्यात जिंकते, विभागीय स्पर्धेला जाते आणि तिथून राज्यस्तरावर पोहोचते. त्यामुळे 'डिस्ट्रिक्ट' आणि 'रीजनल' हे शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांपुढे एकाच शिडीच्या दोन पायऱ्या उभ्या राहतात. 'फर्स्ट' या अमेरिकी संस्थेच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये, म्हणजे मोठ्या रोबोंच्या स्पर्धेत, या दोन पायऱ्या नसून जागतिक अजिंक्यपदाकडे जाणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा आहेत, आणि कोणत्या वाटेने जायचे हे संघाच्या पत्त्यावरून ठरते. भारत कोणत्याही डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे ती पद्धत स्वीकारलेल्या प्रदेशात, मोडत नाही. म्हणून मुंबईच्या संघाला इस्तंबूल, सिडनी किंवा अमेरिकेतील एखाद्या शहरातली रीजनल गाठावी लागते.

मी गेली सात वर्षे दादरच्या एका शाळेच्या संघाबरोबर काम करते. २०२३ मध्ये आम्ही परदेशात जाऊन एक रीजनल खेळलो. २०२४ च्या मार्चमध्ये मिशिगनला बहिणीकडे राहायला गेले असताना भाच्याच्या संघाच्या दोन डिस्ट्रिक्ट स्पर्धा मी प्रेक्षकांच्या बाकावर बसून पाहिल्या. एखादी सेवा पैसे मोजून विकत घेताना आपण जसा तिचा कस लावून पाहतो, तसा या दोन्ही पद्धतींचा लावावा, म्हणून हे लिहीत आहे. कारण मुंबईत नव्याने संघ उभारणाऱ्या शाळा याच प्रश्नावर माझ्याकडे वरचेवर येतात. माझे मत आधीच सांगते. डिस्ट्रिक्ट पद्धत निःसंशय उजवी आहे. तिच्या गुणपद्धतीची चर्चा खूप होते, पण माझ्या लेखी तिचा खरा गुण दोन स्पर्धांच्या मधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. डीन केमन यांनी फर्स्ट ही संस्था १९८९ मध्ये स्थापन केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर गावी, एका शाळेच्या व्यायामशाळेत, २८ संघांची पहिली स्पर्धा भरली. संघ वाढत गेले तशा रीजनल स्पर्धा सुरू झाल्या. मोठे सभागृह, चाळीस ते साठ संघ, एक दिवस सरावाचा आणि दोन दिवस सामन्यांचे, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. २००९ मध्ये, अमेरिकेतील मोटार उद्योग मंदीत सापडला होता त्या वर्षी, मिशिगन राज्याने वेगळा प्रयोग केला: मोठी सभागृहे सोडून शाळांच्या व्यायामशाळांत छोट्या स्पर्धा घ्यायच्या, प्रत्येक संघाला एकाच शुल्कात दोन स्पर्धा द्यायच्या, त्यांचे गुण मोजायचे आणि सर्वाधिक गुणांचे संघ राज्याच्या अंतिम फेरीला न्यायचे. प्रयोग रुजला. २०१२ मध्ये मिड-अटलांटिक, २०१४ मध्ये न्यू इंग्लंड आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट, २०१७ मध्ये इस्राएल आणि कॅनडाचा ओंटारियो प्रांत, २०१९ मध्ये टेक्सास अशी एकेक ठिकाणे या पद्धतीकडे वळली.

आता आमच्या रीजनलविषयी. २०२३ चा खेळ 'चार्ज्ड अप' नावाचा होता. त्यात पिवळे शंकू आणि हवा भरलेले जांभळे ठोकळे उचलून तीन उंचींच्या जाळीवर ठेवायचे आणि शेवटी डोलणाऱ्या फळीवर रोबो चढवून तिचा तोल साधायचा असे. आमचा रोबो कुर्ल्याच्या एका गाळ्यात तयार झाला. नागदेवी स्ट्रीटवरून बेअरिंग आणि चेन, लोहार चाळीतून केबल, लॅमिंग्टन रोडवरून कनेक्टर अशी जुळवाजुळव मुलांनी जानेवारी आणि फेब्रुवारीच्या शनिवारी-रविवारी केली. यंत्र परदेशात नेऊन परत आणायचे म्हणून सीमाशुल्कासाठी फिक्की या उद्योजकांच्या महासंघाकडून कार्नेट, म्हणजे तात्पुरत्या ने-आणीचा परवाना, काढले. बॅटऱ्या प्रत्येकी सहा किलोंच्या आसपास असतात, त्या विमानाने नेण्यापेक्षा तिथल्याच एका संघाकडून उसन्या घेतल्या. त्या संघाने दिलेल्या बॅटऱ्यांवर त्यांच्या मुलांनी स्वतः चाचणी करून तारखा लिहिल्या होत्या, हे इथे मुद्दाम नोंदवते.

पात्रता फेरीतील आमचे सामने होते दहा. प्रत्येक सामना अडीच मिनिटांचा, एका बाजूला तीन रोबो आणि दुसऱ्या बाजूला तीन, आणि जोडीदार कोण हे आधीच काढलेल्या वेळापत्रकातून ठरलेले. तिसऱ्या सामन्याला चाळीसेक सेकंद झाली असतील, आमचा हात शंकू घेऊन वर जात होता आणि रोबोवरचा नारिंगी दिवा विझला. "टीचर, लाइट गेला," एवढेच आमची चालक मुलगी म्हणाली. उरलेला वेळ आमचा रोबो मैदानाच्या मधोमध खांबासारखा उभा राहिला आणि आमचे दोन्ही जोडीदार त्याला वळसे घालत खेळले. पिटमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागेत, आणून सुरू केला तर सुरू झाला. मुलांनी कोड तपासले, रेडिओची तार तपासली, बॅटरी बदलली. पाचव्या सामन्यात पुन्हा तेच घडले, आठव्यात पुन्हा.

दोष शेवटी सापडला तो शनिवारी सकाळी. १२० अँपिअरच्या मुख्य ब्रेकरकडे जाणाऱ्या जाड केबलच्या टोकाला जो लग, म्हणजे तारांवर दाबून बसवलेली धातूची टोपी, असतो, तो नीट दाबलेला नव्हता. रोबो पिटमध्ये शांत उभा असला की केबल जागेवर बसे आणि मीटरवर सगळे ठीक दिसे. हात पूर्ण वर गेला की केबल थोडी ओढली जाई, लगमधल्या तारा सैल पडत आणि सगळा वीजपुरवठा एका क्षणात तुटे. नववीतल्या एका मुलाला सुचले की हात वर असतानाच मीटर लावून पाहावे. त्याने केबल दोन बोटांत धरून हलवली, मीटरवरचा आकडा खाली कोसळला, आणि पिटमधली सगळी मुले काही क्षण गप्प झाली. नवा लग बसवायला वीस मिनिटे लागली.

त्यानंतर आमच्या वाट्याला पात्रता फेरीचा एकच सामना उरला होता. त्यात आम्ही वरच्या रांगेत चार शंकू ठेवले, हंगामातली आमची सर्वांत चांगली कामगिरी. पण क्रमवारीत आम्ही चाळिशीच्या खाली गेलो होतो, बाद फेरीसाठी तीन-तीन संघांच्या युती करणाऱ्या कोणत्याही कर्णधार संघाने आम्हाला निवडले नाही, आणि दुपारी सराव-मैदानावर आमचा रोबो एकामागून एक शंकू बिनचूक वर ठेवत असताना मुख्य मैदानावर दुसऱ्यांचे सामने चालू होते. यात आयोजकांची काही चूक नव्हती. लग आमचाच सैल होता आणि त्याची जबाबदारी माझीही होती. माझी तक्रार पद्धतीविषयी आहे: चूक शोधून ती दुरुस्त करणे हा अभियांत्रिकी शिक्षणाचा गाभा आहे, आणि रीजनलच्या रचनेत दुरुस्त झालेल्या यंत्राला पुन्हा मैदान मिळत नाही. दुसऱ्या रीजनलला नाव घालता येते, पण तिचे शुल्क वेगळे, आणि मुंबईहून परदेशाच्या दोन वाऱ्या एका हंगामात करणे कोणत्या शाळेला परवडणार?

पैशांचा हिशेब इथेच मांडते. हंगामाचे नोंदणी शुल्क सुमारे ६,००० डॉलर होते, त्या वेळच्या दराने जवळपास ५ लाख रुपये. रीजनल संघाला त्यात एक स्पर्धा मिळते, डिस्ट्रिक्ट संघाला तेवढ्याच शुल्कात दोन. आम्हाला दहा सामने मिळाले, म्हणजे मैदानावरचा वेळ पंचवीस मिनिटे आणि एका सामन्याचा भाव ५०,००० रुपये. डिस्ट्रिक्टच्या एका स्पर्धेत प्रत्येक संघ पात्रता फेरीचे बारा सामने खेळतो. दोन स्पर्धांचे चोवीस सामने म्हणजे एक तास, आणि एका सामन्याला साधारण २१,००० रुपये. विमान, व्हिसा, राहणे आणि जेवण यांचा खर्च मी यात धरलेलाच नाही, आणि आमच्या एकूण खर्चातला निम्म्याहून अधिक भाग तोच होता. डिस्ट्रिक्टची अंतिम फेरी गाठली तर सुमारे ४,००० डॉलरचे वेगळे शुल्क पडते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तो खर्च पात्र ठरलेल्या संघावर येतो, सगळ्यांवर नाही.

मिशिगनमध्ये पाहिलेली पहिली स्पर्धा एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत होती. बास्केटबॉलच्या मैदानावर खेळाचे मैदान अंथरलेले, बाजूला लाकडी बाक, कॅन्टीनमध्ये पालकांनी मांडलेले खाण्याचे टेबल, आणि पिट शाळेच्या दुसऱ्या हॉलमध्ये. झगमगाट जवळजवळ नव्हता. त्या वर्षीच्या 'क्रेसेंडो' या खेळात फोमच्या नारिंगी कड्या जमिनीवरून उचलून उंचावरच्या खिडकीत फेकायच्या होत्या. भाच्याच्या संघाचा रोबो कडी उचले, पण दर तीन-चार कड्यांमागे एक आत अडकून बसे आणि तो सामना संपेपर्यंत निघत नसे. बारा सामन्यांपैकी पाच ते हरले. मला आमचीच मुले आठवली, आणि घरी परतताना गाडीत भाचा हिरमुसलेला असेल असे मी गृहीत धरले होते. तो मात्र पूर्ण रस्ताभर मोबाइलवर संथ गतीने चित्रित केलेली तीच अडकणारी कडी पुन्हा पुन्हा पाहत होता.

पुढचे दोन आठवडे संध्याकाळी मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसत असे. कडी दोन इंच जाड, आणि दोन रोलरमधले अंतर तिला इतके आवळत होते की ती वाकडी आत शिरली की रोलर तिला सरळ करण्याऐवजी दुमडत. मुलांनी वरच्या रोलरच्या बेअरिंगखाली दोन्ही बाजूंना एकेक वायसर घातला, करून पाहिले, मग दोन-दोन घातले, मग तीन. तीन वायसरना पकड सुटू लागली. दोन कायम केले आणि त्या आधारावर नवी पट्टी कापून घेतली. प्रत्येक प्रयोगाला वीस कड्या आणि किती अडकल्या याची वहीत नोंद. दुसऱ्या स्पर्धेत बारा सामन्यांत कडी एकदाही अडकली नाही, संघ पाचव्या क्रमांकाच्या युतीत निवडला गेला आणि उपान्त्य टप्प्याच्या अलीकडे हरला. अजिंक्यपदाच्या हिशेबात ही कामगिरी किरकोळ आहे. शिक्षक म्हणून मी त्या दोन आठवड्यांचे मोल त्या हंगामातल्या कोणत्याही चषकापेक्षा जास्त मानते.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हा फरक सांगायला क्रिकेट पुरते. हॅरिस शील्डसारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका सकाळी चेंडू खाली राहिला आणि यष्टी उडाली की मूल पुढच्या वर्षीपर्यंत घरी. कांगा लीगमध्ये १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर रविवारी फसलेला फलंदाज पुढच्या रविवारी त्याच चिखलात पुन्हा उभा राहतो. मुंबईच्या फलंदाजीची घडण दोन्हींनी केली, हे मला मान्य आहे. पण शिकण्यासाठी कोणती जास्त उपयोगी, असे विचारले तर जुने प्रशिक्षक काय सांगतील, ते वेगळे लिहायला नको.

डिस्ट्रिक्टच्या गुणपद्धतीबद्दल दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पात्रता फेरीतील क्रमांकानुसार संघाला ४ ते २२ गुण मिळतात. युतीच्या निवडीत पहिल्या युतीच्या कर्णधाराला आणि त्याने प्रथम निवडलेल्या संघाला १६, आठव्या युतीच्या तशाच दोघांना ९, आणि नंतरच्या फेरीत निवडल्या गेलेल्यांना ८ ते १ गुण असतात. बाद फेरीत जास्तीत जास्त ३०, आणि परीक्षकांच्या पुरस्कारांना ५ ते १० गुण. पहिल्या वर्षाच्या संघाला १० आणि दुसऱ्या वर्षाच्या संघाला ५ गुण जादा दिले जातात, ही तरतूद मला विशेष आवडली, कारण नव्या शाळेला त्याने खरोखर उभारी मिळते. संघाच्या पहिल्या दोन स्पर्धांचेच गुण धरतात, त्यामुळे श्रीमंत संघाला चार-पाच ठिकाणी खेळून गुण साठवता येत नाहीत. अंतिम फेरीतले गुण मात्र तिप्पट होतात. मिशिगनच्या अंतिम फेरीला १६० संघ चार मैदानांवर खेळतात, तेव्हा तिथे पोहोचणे हेच अनेक संघांचे वर्षभराचे उद्दिष्ट असते.

या पद्धतीत चांगल्या क्रमांकाला, चांगल्या जोडीदाराला आणि चांगल्या कागदोपत्री कामालाही थोडे-थोडे मोल आहे. जुन्या रीजनल पद्धतीत तसे नव्हते. २०२४ पर्यंत रीजनलमधून थेट पुढे जात ते विजेत्या युतीचे संघ आणि इम्पॅक्ट, इंजिनिअरिंग इन्स्पिरेशन अशा काही पुरस्कारांचे मानकरी. विजेता आधीच पात्र असेल तर त्याची जागा 'वाइल्ड कार्ड' म्हणून खालच्या संघाला मिळे. तसे वाइल्ड कार्ड नसेल तर अंतिम सामन्यात एका पेनल्टीने हरलेला संघ आणि शेवटून दुसरा आलेला संघ, दोघेही रिकाम्या हाताने घरी जात. २०२५ च्या हंगामापासून रीजनल संघांसाठीही गुणांची यादी आली. माझ्या मते गेल्या अनेक वर्षांतला रीजनल पद्धतीतला हा सर्वांत चांगला बदल आहे, आणि तो डिस्ट्रिक्टच्या अनुभवातूनच आलेला आहे.

दुसरी गोष्ट साध्या भागाकाराची, पण मुलांच्या दृष्टीने मोठी. बाद फेरीत आठ युती असतात आणि प्रत्येकीत तीन संघ, म्हणजे चोवीस. चाळीस संघांच्या डिस्ट्रिक्टमध्ये शंभरातले साठ संघ शनिवारी दुपारी खेळत असतात. साठ संघांच्या रीजनलमध्ये शंभरातले चाळीसच. पहिल्याच वर्षी आलेल्या मुलांना बाद फेरीचा तो ताण, कर्णधारांची ती बैठक, जोडीदार संघाशी डावपेचांवर होणारी ती घाईची चर्चा अनुभवायला मिळते की नाही, हे या आकड्यावर ठरते. आमची मुले ती चर्चा काचेपलीकडून पाहत होती.

डिस्ट्रिक्टचे तोटे कमी नाहीत, आणि आपल्या परिस्थितीत ते जास्त टोचतात. पहिला तोटा वेळापत्रकाचा. या स्पर्धेचा खेळ जानेवारीच्या सुरुवातीला जाहीर होतो आणि स्पर्धा फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतात. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे बारावीच्या आणि दहावीच्या बोर्डाच्या परीक्षा असतात, आणि बाकीच्या वर्गांच्या वार्षिक परीक्षाही दारात येऊन उभ्या असतात. एका रीजनलसाठी आठवडाभराची रजा मागतानाच मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडतात. मार्चमध्ये दोनदा मुले बाहेर न्यायची म्हटले तर संघात फक्त आठवी, नववी आणि अकरावीचीच मुले घेता येतील. दुसरा तोटा अंतराचा. डिस्ट्रिक्ट म्हणजे जवळपास, हे मिशिगनमध्ये खरे असले तरी टेक्सासमध्ये एल पासो ते ह्यूस्टन हे अंतरच सुमारे १,२०० किलोमीटर आहे. मुंबईहून नागपूर गाठून पुढे पुन्हा निम्मा रस्ता चालावा, एवढे. तिसरा तोटा मनुष्यबळाचा: दर शनिवार-रविवारी वेगवेगळ्या गावांत मैदान उभारायचे, पंच, निरीक्षक, परीक्षक, पिटमधले स्वयंसेवक जमवायचे, आणि हे सहा-सात आठवडे सलग करायचे. संघांची आणि माजी विद्यार्थ्यांची दाट वस्ती असल्याशिवाय हे गाडे चालत नाही. भाच्याच्या स्पर्धेत रोबोची तपासणी करणारे गृहस्थ त्याच शाळेच्या वीस वर्षांपूर्वीच्या संघात होते.

शिवाय डिस्ट्रिक्टमध्ये माणसे तीच ती भेटतात. त्याच परिसरातले संघ, तेच रोबो, त्याच चाली. रीजनलचे मोठेपण इथे आहे, आणि ते मी हातचे राखून सांगणार नाही. आमच्या मुलांनी तीन दिवसांत अनेक देशांच्या संघांशी बोलून घेतले. पिटमध्ये शेजारी असलेल्या संघाच्या मुलीने आमच्या चालक मुलीला फळीवर तोल साधण्यासाठी जायरोस्कोप कसा वाचायचा ते कागदावर आकृती काढून समजावले. तो कागद आजही आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर आहे. मोठे सभागृह, हजारभर प्रेक्षक, आपल्या शाळेचे नाव पुकारल्यावर होणारा तो गजर, याचा कोवळ्या वयाच्या मनावर होणारा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. सरावासाठी मिळणारा आख्खा दिवसही दूरवरून आलेल्या संघाला फार उपयोगी पडतो, कारण प्रवासात रोबोचे काय-काय हलले ते त्याच दिवशी कळते. आमचा लग त्या दिवशी सुटला असता तर हा लेख कदाचित वेगळा झाला असता.

मग मुंबईच्या शाळेने काय करावे? मोठ्या रोबोंची डिस्ट्रिक्ट आपल्याकडे नाही, पण तिचा गाभा असलेली रचना लहान रोबोंच्या स्पर्धेत, फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये, नियमांतच उपलब्ध आहे. तिथेही दोन पद्धती आहेत: एका दिवसाची पात्रता स्पर्धा, किंवा लीग. लीगमध्ये संघ हंगामभरात थोड्या-थोड्या सामन्यांच्या अनेक छोट्या भेटींसाठी एकत्र येतात आणि त्यांतील सर्वोत्तम दहा सामन्यांची कामगिरी सोबत घेऊन लीगच्या अंतिम स्पर्धेत उतरतात. वाईट गेलेला दिवस मागे टाकता येतो. हा खेळ सप्टेंबरमध्ये जाहीर होतो, म्हणजे सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी सांभाळून नोव्हेंबर-डिसेंबरचे शनिवार वापरता येतात आणि बोर्डाच्या परीक्षेशी गाठ पडत नाही. रोबो सुरुवातीला अठरा इंचांच्या घनात बसावा लागतो. तो सुटकेसमध्ये घालून लोकलच्या लगेज डब्यातून ठाण्याहून दादरला आणता येतो, टेम्पो लागत नाही. मैदान बारा फूट बाय बारा फुटांचे, फोमच्या छत्तीस फरश्यांचे, कोणत्याही शाळेच्या सभागृहात मावणारे. नऊ ते सोळा वर्षांच्या मुलांच्या फर्स्ट लेगो लीगमध्ये तर स्पर्धेच्या आतच ही दुसरी संधी दिलेली आहे: अडीच मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि त्यांतली सर्वोत्तम एकच धरायची.

जी शाळा मोठ्या रोबोंसाठी थेट परदेशी रीजनलचा विचार करत असेल, तिला माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी तो पैसा राखून ठेवावा आणि दोन वर्षे लीगच्या धर्तीवर खेळावे. ज्या शाळेची रीजनलची तयारी पक्की झाली आहे, तिने विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी इथेच दोन दिवसांची रंगीत तालीम करावी: टेपने आखलेले मैदान, खरे अडीच मिनिटांचे सामने, सलग बारा, आणि त्या दोन दिवसांच्या मध्ये किमान दोन आठवडे मोकळे. रीजनलमध्ये जी चूक पन्नास हजार रुपयांच्या सामन्यात कळते, ती कुर्ल्याच्या गाळ्यात फुकट कळेल.

आम्ही गेल्या वर्षीपासून हेच करतो. दादर, मुलुंड, वाशी आणि बोरिवली अशा चार ठिकाणच्या शाळा नोव्हेंबरच्या एका शनिवारी आमच्या सभागृहात जमतात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा जमतात. गुण आम्ही मिशिगनच्याच तक्त्याने मोजतो, नव्या शाळेच्या दहा जादा गुणांसह. पहिल्या शनिवारी वाशीच्या मुलांचा रोबो दर सामन्यात डावीकडे वळत होता. तीन आठवड्यांनी तो सरळ चालला. एका चाकाच्या शाफ्टवरचा ग्रब स्क्रू घसरत होता, तिथे त्यांनी शाफ्टला चपटी बाजू घासून घेतली होती. ती कानस त्यांनी सोबत आणली होती, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मुलुंडच्या मुलांनी ती मागून घेतली.